रहदारी नसलेला रस्ता

मार्च उजाडला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याकडून मऊ मऊ आठवणींची वाट पाहू नये. परभणीतल्या आमच्या गल्लीत सकाळी पोरंपोरी काखेत पॅड मारून परीक्षेला निघतात. आया दारात उभ्या राहून त्यांच्या हातावर दही घालतात. कुणाला स्कूटीवरून सोडतात, कुणाला गाडीतून. कडुनिंबाला फुलोरा आलेला असतो आणि सकाळच्या वाऱ्यात त्याचा तो गोडसर वास सुटतो. मी गॅलरीत उभी राहून हे सगळं बघते आणि मला राग येतो. कुणाचा, ते पन्नास वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही.

या मार्चात रागाला निमित्त चालून आलं. माझ्या भावाची नात सायली पुण्याहून आली, ती सायकल घेऊनच. तिचा सायकलवाल्यांचा एक गट आहे. सुट्टी मिळाली की ही मंडळी कुठकुठले आडमार्ग शोधून काढतात आणि हौसेनं घाम गाळतात. तिनं एक छापील कागद माझ्यापुढे धरला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रहदारीमुक्त सायकल सफर, ज्वालामुखीने घडवलेल्या प्रदेशातून’. खाली नकाशा. मी चष्मा लावला. राणीसावरगावच्या पलीकडच्या टेकड्यांतून एक लाल रेघ निघाली होती. तिची वळणं बघितली आणि माझ्या गुडघ्यात जुनी कळ आली.

“आजी, तुझा रस्ता!” सायली म्हणाली. “एक गाडी लागत नाही त्याच्यावर. आम्ही अकराजण आहोत, रविवारी निघतोय. आणि गावात पारापाशी सगळे उतरणार. तिथं मी तुझी गोष्ट सांगणार आहे.”

“कोणती गोष्ट?”

“तू सायकलवरून उतरली नव्हतीस ती! पणजी सांगायची ती.”

मी उठले. चहा टाकायला आत गेले आणि दूध उतू घालवलं.

रहदारीमुक्त म्हणे! जणू कुणी मेहेरबानी करून आमच्यासाठी रहदारी उचलून बाजूला ठेवली होती. बाई गं, त्या रस्त्यावर रहदारी नव्हती कारण बहात्तर साली पाऊस आला नाही. बैल बाजाराला गेले आणि मिळेल त्या भावात खाटकाच्या हवाली झाले. गाड्या धुरा टेकून दारादारात पडल्या, त्यांच्या सावलीत शेळ्या बसायच्या. एस.टी. आमच्या गावाला त्याआधीही येत नव्हती. आणि तो रस्ता जात तरी कुठं होता? आमच्या वस्तीच्या पाठीमागून निघायचा, तीन मैल माळ तुडवायचा आणि गंगाखेडच्या सडकेला जाऊन मिळायचा. त्याची गरज कुणालाच नव्हती. दुष्काळात हातांना काम हवं होतं म्हणून सरकारनं तो काढला होता. लोकांनी तो करायचा, एवढंच त्याचं काम होतं.

त्या कागदात असंही लिहिलंय की कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटली, तापलेला रस वाहिला, थरांवर थर बसले, म्हणून आपले डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे. असेल. शिकलेल्यांनी शोधलंय, खोटं कशाला असेल? आम्ही त्याला नुसतं काळा फत्तर म्हणत होतो. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली फत्तर. दुपारी तो असा तापायचा की अनवाणी माणसाला उभं राहवत नसे आणि दिवेलागण झाली तरी त्यातून धग येत राहायची. ज्वालामुखी केव्हाच थंड झाला, असं कागद म्हणतो. लिहिणाऱ्याला त्र्याहत्तरच्या मार्चात भर बाराला त्या माळावर बसवायला हवं होतं, हातात हातोडी देऊन.

माझी माय बसायची तिथं. वस्तीतल्या पंधरा-वीस बाया ओळीनं बसायच्या, डोक्यावर पदर, त्यावर ओलं फडकं, तेही घटकाभरात वाळून कडक. मोठा दगड पुढ्यात घ्यायचा आणि खडी होईपर्यंत फोडत राहायचं. दगड उडू नये म्हणून त्याच्याभोवती रबराचं कडं, आणि बोटं ठेचू नयेत म्हणून बोटांना रबराच्या पट्ट्या. ते रबर सायकलीच्या जुन्या ट्यूबचं असायचं. मायच्या बोटांवरची ट्यूब माझ्याच सायकलीची होती. फत्तर फुटला की जळकट वास यायचा, काडी ओढल्यावर येतो तसा. कधी दगडाच्या पोटात पोकळी निघायची आणि तिच्यात पांढऱ्या गारगोटीचे खडे चमकायचे. बाया हातोड्या ठेवून ते एकमेकींना दाखवायच्या, की लगेच मुकादम ओरडलाच. “बघ, वरून एवढा काळा, आन् पोटात साखर,” असं म्हणत मायनं त्यातला एक खडा मला दिला होता. मी तो कंपासपेटीत ठेवला. सायकल खडीवरून चालली की तो पेटीत खडखड वाजायचा.

दुपारी लाल मिलोची भाकरी. तो परदेशातून आलेला जोंधळा इतका निबर की भाकरी दाताखाली वाळूसारखी लागे. त्यावर सुकडी, सरकारनं कामावर वाटलेलं गोडसर पीठ. लोक आता त्या सुकडीच्याही गोड आठवणी काढतात. मी काढत नाही. मला अजून तिचा वास आला तर उलटी होईल.

सायकल मामानं दिलेली. मामा पूर्णेला रेल्वेत खलाशी होता. मनगटावर घड्याळ बांधणारा आमच्या नात्यातला पहिला माणूस. मी रोज राणीसावरगावच्या हायस्कुलात पायी जाते हे बघून तो मायला म्हणाला, “मॅट्रिकची पोरगी पायी चालून किती मरंल?” आणि पुढच्या खेपेला कुणाची तरी जुनी, पुरुषी, बावीस इंची सायकल घेऊन आला. दांडीखालून पाय घालून मी ती त्याच नव्या रस्त्यावर शिकले. शिकले म्हणजे पडले. खडी पसरून झाली होती, पण ती दाबायला येणारा रूळ काही आला नाही. चाक सुट्या खडीत शिरलं की माणूस आडवा. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर अजून त्या रस्त्याची निशाणी आहे. मग मला सापडलं की रस्त्याच्या कडेला हातभर रुंद पट्टी घट्ट आहे. डोक्यावर पाट्या घेऊन बाया तिथून ये-जा करायच्या, त्यांच्या पायांनी मुरूम दबला होता. मी त्या पट्टीवरून चालवायला लागले आणि पडायचं बंद झालं.

आता पाराचं सांगते. गंगाखेडकडे जायची जुनी वाट गावातून जायची. वेशीतून आत, वळण घेतलं की समोर वडाचा पार. पारावर गावची कर्ती माणसं बसलेली. आमच्या वस्तीतल्या माणसानं त्या पारासमोरून वाहनावर बसून जायचं नाही, असा रिवाज होता. आमच्या आजोबांच्या वेळी चपला हातात घ्याव्या लागत. दीक्षा घेतल्यावर आमच्या माणसांनी चपला पायातच ठेवल्या, त्यावरून भांडणं झाली, डोकी फुटली आणि तो प्रकार मोडला. पुढे सायकली आल्या, तेव्हा मेलेली खोड उठून सायकलीला चिकटली. कुणी हटकायचंसुद्धा नाही. पारावरचं बोलणं थांबायचं, कुणीतरी खाकरायचं, आणि घड्याळवाल्या मामाचाही पाय आपोआप खाली टेकायचा. हँडल धरून, मान खाली घालून चालायचं, ओढ्याकडच्या उतारापर्यंत. माझी सत्तावीस पावलं व्हायची. मामाबरोबर चालताना मी ती मोजली होती.

पारावर सगळ्यांत जुना माणूस दाजीराव. आमच्या कामावरचा मुकादम त्याच्या बहिणीचा मुलगा. मी सायकल शिकतेय हे कळल्यावर दाजीराव एक दिवस मुद्दाम माळावर आला आणि बायांच्या ओळीपुढे छत्री उघडून उभा राहिला.

“पोरगी सायकल शिकायलीय म्हणं तुजी,” तो मायला म्हणाला. “शिकू दे. जमाना बदललाय. पर पारासमोर उतरून जा म्हणावं. न्हाई उतरली तर दुसऱ्या दिवशी तू इथं दिसायची न्हाईस.”

माय हातोडी मारत राहिली. घरी आल्यावर भाकरी थापताना तिनं मला समोर बसवलं.

“मॅट्रिक द्यायची,” ती म्हणाली. “आन् उतरायचं न्हाई.”

“माय, तुझं काम जाईल.”

“कशानं जाईल? नव्या रस्त्यानं जा की. त्यो आमी केलाय. त्याच्यावर कुणाचा पार न्हाई.”

भाकरी तव्यावर टाकताना तिच्या बोटांवरच्या पट्ट्या तशाच होत्या. मी मान हलवली. परीक्षेत काय व्हायचं ते होवो, पण सायकलवरून उतरायचं नाही, असं मी त्या संध्याकाळी मनाशी घट्ट धरलं. मला मॅट्रिकपेक्षा तेच मोठं वाटत होतं. खरं तर आजही वाटतं.

परीक्षेचं केंद्र गंगाखेडला. तिथं एका नातेवाइकांकडे राहायचं ठरलं होतं, पण त्यांच्याकडे माणशी एक तांब्या पाणी. त्यांच्या घरात आणखी एक तोंड कुठं नेऊ? मी म्हटलं, रोज जाईन, रोज येईन. चौदा मैल जाणं, चौदा मैल येणं. आता याला सायलीचे लोक सफर म्हणतात.

पहिले चार पेपर मी मायच्या रस्त्यानं गेले. सकाळी माळ थोडा निवलेला असायचा. पानाचं नाव नाही, पण पळस मात्र फुलून आलेला, लाजलज्जा सोडून. टिटव्या ओरडायच्या. खालच्या काळ्या रानात भेगा पडलेल्या, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. मेलेल्या जनावरांची हाडं पांढरी पडून इकडेतिकडे. आणि त्या सगळ्यातून मी एकटी, निळा परकर खोचून, अरुंद पट्टीवर नजर ठेवून, मनात सनावळ्या घोकत चाललेली. समोरून कुणी येत नव्हतं, मागून कुणी हाक मारत नव्हतं. मला तिथं आनंद व्हायचा. एवढ्या मरणाच्या उन्हाळ्यात आनंद व्हायचा, हे कबूल करायचाही मला राग येतो. दुपारी परतताना वारा तोंडावर भट्टीसारखा यायचा, औषधाच्या बाटलीतलं पाणी चहाएवढं तापायचं. बायांची ओळ आली की मायची हातोडी क्षणभर थांबायची. ती वर बघायची नाही. फक्त हातोडी थांबायची आणि मी पुढे गेले की परत सुरू व्हायची.

पाचवा पेपर गणिताचा. त्या सकाळी मी तीन मैल आले आणि जिथं रस्ता सडकेला मिळतो तिथं ब्रेक दाबला. रस्त्यावर कुपाटी टाकलेली होती. बोरी-बाभळीच्या फांद्या, पुरुषभर उंच, आडव्या-तिडव्या. एका बाजूला ओढ्याची खोल दरड, दुसऱ्या बाजूला दाजीरावाचं रान आणि त्याच्या बांधावरही काटेच काटे. सायकल उचलून न्यायचा एकदा प्रयत्न केला. हात रक्ताळले, पण टायरची भीती जास्त. पंक्चर झालं असतं तर पुढचे अकरा मैल पायी आणि पेपर गेला. बाया कामावर यायला अजून वेळ होता. मी एकटीच काट्यांपुढे उभी राहिले.

ती कुपाटी माझ्यासाठी टाकली होती की शेळ्या रानात शिरू नयेत म्हणून, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र मला खात्री होती. मी दाजीरावाला मोठ्यानं शिव्या दिल्या, माळावर ऐकायला कुणी नव्हतं. मग सायकल वळवली आणि ते तीन मैल परत आले.

आता गावातूनच जायचं होतं. पूर्ण वाटभर मी ठरवत होते, उतरायचं नाही. मायचं काम जाईल. जाऊ दे, उतरायचं नाही. कुणी हँडल धरलं तर? भांडणात पेपर बुडाला तर? बुडू दे. मी वेशीत शिरले. वळणापर्यंत पार दिसत नाही. वळणावर माझ्या हातांनी ब्रेक दाबला. माझा पाय खाली आला. मी त्याला सांगितलं नव्हतं, देवाशपथ सांगितलं नव्हतं. तो आपला आपण खाली आला. मी उतरले, हँडल धरलं, मान खाली घातली आणि पुढच्या चाकाकडे बघत चालायला लागले. एक, दोन, तीन.

विसाव्या पावलाला मला वाटलं, अजून कुणी खाकरलं कसं नाही? मी मान वर केली.

पार रिकामा होता. एक कुत्रं वडाच्या मुळाशी अंग टाकून पडलं होतं, त्यानं डोळासुद्धा उघडला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाकडून घागरींचा खणखणाट आणि आरडाओरडा ऐकू येत होता. पाण्याचा टँकर आला होता. सगळं गाव तिकडे धावलं होतं, पारावरचे मोठे लोकसुद्धा. दाजीरावही असेल तिथं, घागर घेऊन रांगेत.

उरलेली सात पावलंही मी चालतच गेले.

गंगाखेडला पोचले तेव्हा पेपरला पंधरा मिनिटं बाकी होती. गणित बरं गेलं. मी मॅट्रिक झाले, पुढे सरकारी कचेरीत लागले, पेन्शनीत निघाले. हे सगळं ठीकच झालं.

त्या दुपारी परतले तर कुपाटी बाजूला ओढून टाकलेली होती. बायांनी ओढली होती. मायच्या हातांवर ओरखडे होते. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या पुढे करत तिनं विचारलं.

“काटे दिसले आमाला. मग गावातून गेलीस?”

“व्हय.”

“उतरलीस?”

मी तांब्या तोंडाला लावला. सगळं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाले, “न्हाई.”

आपलं काम गेलं, असंच मायला वाटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी माळावर गेली आणि मुकादमाच्या समोर जाऊन बसली. त्यानं हजेरी घेतली. काही बोलला नाही. काय बोलणार? बघितलंच कुणी नव्हतं तर. माय संध्याकाळी आली ती वेगळीच बाई होऊन आली. “भ्याली की गं ती पारावरची माणसं!” ती म्हणाली. “लय भ्याली. एक शबूद न्हाई काढला.”

त्याच आठवड्यात बाजारातून येताना तिनं डोक्यावरची पाटी पाराच्या कट्ट्यावर टेकवली आणि तिथंच बसून दम घेतला. आमच्या शेजारच्या परसरामनं हे बघितलं. तो म्हणाला, पोरगी उतरली नाही तर मी कशाला उतरू? तो पारासमोरून घंटी वाजवत गेला. दाजीराव उठून उभा राहिला म्हणतात, परसराम थांबला नाही, आणि मग दाजीराव खाली बसला. दोन-तीन पावसाळ्यांत तो रिवाज मोडला. कुणालाच आठवेना की तो केव्हा मोडला, कुणी मोडला. मायला मात्र पक्कं आठवत होतं.

पुढची तीस वर्षं ती हे सांगत राहिली. लग्नात, बारशात, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. मी उठून आत जायची, कुणाला पाणी हवंय का ते बघायला. शेवटी परभणीच्या दवाखान्यात होती तेव्हाही नर्सचा हात धरून तिनं सांगितलं, “ही माजी लेक. पारासमोर उतरली न्हाई ही.” मी तिच्या डोक्याखालची उशी नीट करत होते. तेव्हा सांगता आलं असतं. तिनं माझ्याकडे इतक्या अभिमानानं बघितलं की मी गप्प बसले. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू? एवढा विश्वास माणसानं कुणावर ठेवू नये.

वस्तीतली सगळी माणसं माझ्या नावानं उतरायची थांबली. उतरली ती मी एकटी, आणि तीही कुत्र्यासमोर.

रविवारी पहाटेच सायलीचे लोक आमच्या दारात जमले. हेल्मेटं, चकचकीत सायकली, पाण्याच्या रंगीत बाटल्या. वागायला बोलायला चांगली पोरं आहेत, त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. एकानं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “आजी, तुमची गोष्ट ऐकायला खास येतोय आम्ही.” सायली चाकात हवा भरत होती. तिनं पंप खाली ठेवला.

“गाडीतून चल ना आजी आमच्या मागून. पारापाशी तूच सांग. सगळे सायकलवरून उतरतील, गोल करून उभे राहतील...”

“सायली,” मी म्हटलं, “पारापाशी कुणी उतरायचं नाही. चहाला नाही, फोटोला नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही.”

“अगं पण मग गोष्ट कुठं सांगू?”

“पुढे गेल्यावर सांग. ओढा ओलांडल्यावर.” माझा आवाज चढला होता, दारातली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. “आणि खरी सांग. पार रिकामा होता आणि तरी मी उतरले होते. आमच्या घरातलं तेवढं एक उतरणं पुरे.”